शिवण दिसता कामा नये

ग्रिसेल्दा पहिल्याच दिवशी म्हणाली,
ऊन आपलं नाही.
ऊन पडलं की घरी जा, भांडी घास.
सावलीसकट उचललेली भिंत
खेळाच्या आत गेली की खोटं बोलते,
तिथला सूर्य दुसरीकडून उगवतो.

म्हणून मी वाल्पाराइसोत
धुक्याची वाट बघायला शिकले.
डोळे उघडले की आधी खिडकी.
बंदरातल्या क्रेन दिसेनाशा झाल्या असतील
तर दिवस चांगला.

कॅमेरा भिंतीला समांतर हवा,
तसूभरही कललेला चालत नाही.
माझा कलायचाच.
या गावात सरळ उभं राहायला जागा कुठाय?
एक पाय पायरीवर, एक गटाराच्या झाकणावर,
पाठीला समोरच्या घराचं दार,
आणि ते दार ढकलून बाहेर येऊ पाहणारी बाई,
काखेत रिकामी पिशवी, पावाला उशीर होतोय.

करडं कार्ड धरून एक फोटो,
मग कार्ड काढून चाळीस.
निम्मा मागच्यातला, निम्मा नवा,
कौलं चढवतात तसे एकावर एक.

रात्री पडद्यावर
उजवी कड डावीला जुळवायची,
वरचा काठ खालच्याला.
शिवण दिसता कामा नये.
आणि लक्षात राहील असं काही ठेवायचं नाही.
खिळा, कोणी कोरलेली दोन अक्षरं,
बैलाच्या तोंडासारखा गंजाचा डाग.
दर दोन मीटरला तोच बैल भेटला
की खेळणाऱ्याला कळतं, हे गाव छापलेलं आहे.
म्हणून शेजारचा साधा गंज उचलून
बैलावर पसरायचा.
मी पसरला.
जेवताना टेबलावरचे डाग मोजत बसले.

मार्चमध्ये मला एलिसेओ उर्राचा पत्रा सापडला.
कोर्दियेरा टेकडीवर, पन्हळी, कधीकाळी पिवळा,
त्याखाली हिरवा, त्याखाली बोटीचा उरलेला लाल,
आणि खारा वारा तिन्ही रंग
एकदमच सोलत बसलेला.
पापुद्रे हलू नयेत म्हणून मी श्वासही
मान वळवून सोडत होते.

म्हातारा बाहेर आला.
घराचा फोटो?
घराचा नाही, पत्र्याचा.
म्हणजे दार नको?
नको.
खिडकी? मांजर?
तेही नको.
तो थोडा वेळ माझ्या बुटांकडे बघत राहिला.
तो भांग पाडून आला होता,
हे घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

चाळीसही फोटो कललेले निघाले.
परत जा, ग्रिसेल्दा म्हणाली.
मध्ये नऊ दिवस लखलखीत ऊन.
दहाव्या दिवशी धुकं उतरलं, गेले,
तर पत्रा निळा.
ताजा, एकसारखा, कोपरा न् कोपरा निळा.
एलिसेओच्या भुवईवरही थोडा.
पायरीवर डबा, किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली.
म्हणाला, वाटलंच तू परत येशील.
त्या दिवशी फारच गबाळा होता बिचारा.

मी तोंड उघडलं.
मिटलं.
तिपाई लावली.
पाणसळीतला बुडबुडा मधोमध येऊन थांबला,
पहिल्यांदाच.
कार्ड. मग चाळीस.
एलिसेओ बाजूला ताठ उभा,
पत्र्याला जणू सांगत होता, हलू नकोस.

एका पन्हळीत ब्रशचा केस अडकलाय,
निळ्यात बुडालेला, वाकडा.
मी तो काढला नाही.
हा दर दोन मीटरला दिसेल, ग्रिसेल्दा म्हणाली.
दिसेल, मी म्हटलं.
तिने चष्मा कपाळावर सरकवला,
पडद्याला नाक टेकेपर्यंत वाकली
आणि एका गल्लीत किती येतात
ते मोजायला लागली.